‘विल’ : इच्छा, काळ आणि कागद

गेल्या माघांत एका घरगुती कार्यानिमित्त आमचें सोनईस जाणें झालें. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा हमरस्ता घोडेगांवाशीं सोडून आंत वळलें, कीं दोहों बाजूंस उंसाचे फड लागतात. आणि गळिताचे दिवस असल्यास मुळा सहकारी साखर कारखान्याकडे निघालेल्या गाड्यांच्या मागें मागें गांव गांठावें लागतें. शेजारींच शनिशिंगणापूर. तेथील घरांना दारें नसण्याची व कुलूप न लावण्याची चाल सर्वश्रुत आहे. २०११ सालीं तेथें उघडलेली एका बँकेची शाखादेखील ‘बिनकुलपाची’ म्हणूनच गाजली. अशा परिसरांत मालमत्तेच्या कागदाविषयीं आपल्याला कोणी सल्ला विचारील, असें आमच्या मनांतहि नव्हतें. परंतु कुलूप चोरासाठीं असतें आणि कागद आपल्याच माणसांसाठीं असतो, हें त्या चार दिवसांच्या मुक्कामांत आम्हांस उमगलें.

ज्या घरीं आम्ही उतरलों तें एकत्र कुटुंब. घरचे वडील, ज्यांना सारें घर अण्णा म्हणतें, ते माध्यमिक शाळेंत इंग्रजी शिकवून पुष्कळ वर्षांपूर्वीं निवृत्त झालेले. थोरले चिरंजीव पुण्यास, धाकटे परदेशीं. घरांत नित्य राहणारीं माणसें दोनच : अण्णा, आणि त्यांच्या दिवंगत धाकट्या बंधूंच्या पत्नी. या बाईंना लहानथोर सारे काकू म्हणतात. कार्याच्या निमित्तानें सर्व मंडळी जमली होती. रात्रीं जेवणें आटोपून ओसरीवर सुपारी चालली असतां पुण्याच्या नातवानें सहज विचारलें, “आजोबा, तुम्ही विल केलं आहे का?”

ओसरी क्षणभर गप्प झाली. अण्णांनीं अडकित्ता खालीं ठेवला आणि मास्तरी आवाजांत विचारलें, “विल? नाम कीं क्रियापद?” सगळे हंसले, आणि प्रश्न त्या हंसण्यांत वाहून गेला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र अण्णांनीं आम्हांस माडीवर नेलें व एक जुनें पत्र पुढें ठेवलें. घर अण्णांच्या स्वतःच्या कमाईचें व त्यांच्याच नांवावर आहे. पस्तीस वर्षांपूर्वीं माडी चढवितांना पैसा अपुरा पडला, तेव्हां काकूंच्या पाटल्या मोडून ती पुरी झाली. त्या वेळीं बंधु परगांवीं नोकरीस होते. दोघे भाऊ एकमेकांना इंग्रजींत पत्रें लिहीत; ती त्या पिढीची हौसच होती. अण्णांनीं भावास लिहिलें होतें : ‘आय विल गिव्ह यू द टू नॉर्थ रूम्स.’ पुढें बंधु वारले. पत्र काकूंच्या पेटींत राहिलें. आतां या वाक्याचा अर्थ काय, हा घरांतला न बोललेला प्रश्न होता.

थोरल्या चिरंजीवांचें म्हणणें असें, कीं ‘विल गिव्ह’ म्हणजे ‘देईन’; भविष्यकाळ तो; पुढें कधीं तरी देण्याचा विचार आहे, इतकेंच त्यांत. ते कांहीं लोभी गृहस्थ नव्हेत. शाळेंत जें शिकले तें सांगत होते. अण्णा त्यावर खवळले. ते म्हणाले, “मला नुसता भविष्यकाळ लिहावयाचा असता, तर मीं ‘शॅल’ लिहिलें असतें. ‘विल’ मुद्दाम लिहिलें. तें वचन आहे!” आणि आमच्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही दर महिन्यास शब्दांविषयीं लिहितां. याचा एकदां निकाल लावून टाका.”

निकाल देण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु जो शब्द आपण दिवसांतून दहा वेळां बोलतों, त्याच्या पोटांत काय काय आहे, हें पाहण्यासारखें आहे खरें. म्हणून यंदाच्या या पानावर त्याचीच चर्चा करण्याचें योजिलें आहे.

प्रथम या शब्दाचें कूळ पाहूं. आज इंग्रजी शिकणाऱ्या मुलास ‘विल’ हें भविष्यकाळाचें चिन्ह म्हणून भेटतें. परंतु मुळांत त्याचा काळाशीं कांहीं संबंध नव्हता. जुन्या इंग्रजींत ‘विलन’ म्हणजे इच्छिणें. ‘मी जावयास इच्छितों’ असें म्हणतां म्हणतां त्याचा अर्थ ‘मी जाईन’ असा झाला. कारण जें माणूस इच्छितो तें तो पुढें करील, असें ऐकणारा गृहीत धरतो. जर्मन भाषा इंग्रजीची सख्खी बहीण. तींत ‘इश विल’ म्हणजे आजहि ‘मला हवें आहे’, ‘मी करीन’ नव्हे. लॅटिनांतील ‘व्होलुन्तास’, म्हणजे इच्छा, हा याच घराण्यांतला. त्यापासून ‘व्हॉलंटरी’ हा शब्द आला. आणि आपल्या संस्कृतांतील ‘वृ’ धातु, ‘वृणीते’ म्हणजे निवडतो, हाहि याच मूळ धातूचा वंशज असल्याचें भाषाशास्त्रज्ञ मानतात. देवानें दिलेला ‘वर’ आणि मांडवांतला ‘वर’, दोन्ही तेथूनच. तेव्हां ‘विल’ हा आपल्या ‘वरा’चा दूरचा भाऊबंद आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं. मूळ गांठ एकच : निवड आणि इच्छा.

या एका मुळापासून इंग्रजींत आज तीन निरनिराळे शब्द उभे आहेत, आणि तिघांचें व्याकरण वेगळें आहे. पहिलें नाम : इच्छाशक्ति, किंवा मृत्यूनंतरच्या व्यवस्थेचा कागद. नाम असल्यामुळें त्याच्यापुढें ‘ए’ किंवा ‘द’ लागतें, अनेकवचन होतें. मराठींत आपण त्यास नपुंसकलिंगी करून घेतलें आहे. ‘विल केलें’, ‘विल सांपडलें’ असें म्हणतों, कारण मनांत ‘मृत्युपत्र’ हा शब्द उभा असतो. दुसरें पूर्ण क्रियापद : मृत्युपत्रानें देऊन ठेवणें, किंवा मनाच्या बळानें घडवूं पाहणें. तें इतर क्रियापदांसारखेंच चालतें. तृतीयपुरुषीं ‘विल्स’ आणि भूतकाळीं ‘विल्ड’ होतें. तिसरें साहाय्यक क्रियापद, आपल्या रोजच्या ओळखीचें. त्यास ‘एस’ लागत नाहीं, त्याच्यापुढें ‘टु’ येत नाहीं, आणि एकटें तें सहसा उभें राहत नाहीं. दुसऱ्या क्रियापदाच्या आधारानेंच चालतें. ‘ही विल गो’ बरोबर, ‘ही विल्स गो’ चूक, ‘ही विल टु गो’ त्याहून चूक. मुलांनीं ही एवढी खूण ध्यानांत ठेविली, तरी निम्म्या चुका टळतील.

साहाय्यकाच्या पोटांतहि अर्थ पुष्कळ आहेत. गंमत अशी, कीं इंग्रजींत जेथें एक ‘विल’ आहे, तेथें मराठींत निरनिराळीं रूपें आहेत, आणि तीं आपण न शिकतां बिनचूक वापरतों. त्यांची ओळख पटली, कीं इंग्रजी ‘विल’हि आपोआप उमगतें.

नकाराचेंच उदाहरण घ्या. ‘द चाइल्ड वोण्ट ईट’ याचा अर्थ ‘मूल जेवणार नाहीं’ असा करणें म्हणजे अर्थाचा जीव काढून घेणें होय. खरी मराठी ‘मूल जेवेना’ अशी आहे. या ‘ना’मध्यें भविष्यकाळ नाहीं, हट्ट आहे. आणि हा हट्ट निर्जीव वस्तूंनाहि लागतो. इंग्रज म्हणतो ‘द डोअर वोण्ट ओपन’, आपण म्हणतों ‘दार उघडेना’. दाराला कसली इच्छा? तरी दोन्ही भाषांनीं त्याला इच्छा बहाल केली आहे. जुना ‘इच्छिणें’ हा अर्थ येथें अगदीं उघडा दिसतो.

अनुमानाचें तसेंच. कडी वाजली कीं आपण म्हणतों, “पोस्टमन असेल.” पोस्टमन कांहीं पुढें केव्हां तरी असणार नाहीं, तो या क्षणीं दाराशीं उभा आहे. तरीहि रूप भविष्याचें. इंग्रजहि नेमकें हेंच करतो : ‘दॅट विल बी द पोस्टमन.’ जें अजून डोळ्यांनीं पाहिलें नाहीं तें, आज घडत असलें तरी, मनाच्या दृष्टीनें भविष्यांतलेंच, असा दोन्ही भाषांचा न्याय दिसतो.

गेलेल्या दिवसांतील संवयीसाठीं इंग्रजी ‘वुड’ वापरतें, जें ‘विल’चेंच भूतकाळी रूप. ‘माय ग्रँडमदर वुड गेट अप अर्ली’ याचें भाषांतर शाळेंतलीं मुलें ‘उठली असती’ असें करतात, आणि बिचारी आजी झोंपलेलीच राहते. मराठींत यासाठीं रीतिभूतकाळ आहे : आजी पहाटे उठे, सडा घाली, तुळशीला पाणी घाली. ‘उठे’, ‘घाली’ हीं रूपें बोलण्यांतून मागें पडत चाललीं आहेत. परंतु घरांत गोष्ट सांगतांना तीं आजहि जिवंत होतात. मुलांना ‘वुड’ शिकवावयाचें असल्यास आधीं हीं रूपें त्यांच्या कानांवर घालावीं.

विनंति करतांनाहि दोन्ही भाषा भविष्याचाच आसरा घेतात. “जरा पाणी देशील कां?” हा प्रश्न रूपानें भविष्याचा, अर्थानें इच्छेचा. ‘विल यू’चें अगदीं हेंच आहे. मात्र ‘इफ’नंतर सांभाळावें. ‘इफ इट विल रेन’ असें लिहिणारीं मुलें फार. पुढची गोष्ट असली तरी तेथें इंग्रज साधा वर्तमानकाळ वापरतो. आपण तर चक्क भूतकाळ वापरतों : ‘पाऊस आला तर’. आला कोठें आहे? ज्या भाषेंत उद्यांचा पाऊस भूतकाळांत पडतो, तीं बोलणाऱ्यांनीं इंग्रजीच्या वर्तमानकाळानें गोंधळण्याचें कारण नाहीं. अपवाद एकच. समोरच्याची इच्छाच विचारावयाची असेल, तर ‘इफ यू विल सिट डाउन’ म्हणजे ‘आपण बसण्याची कृपा केलीत तर’, हें चालतें. कारण तेथें ‘विल’ आपल्या जुन्या अर्थानें आलें आहे.

आतां अण्णांच्या मुद्द्याकडे येऊं. ‘शॅल’ आणि ‘विल’ यांचा जो भेद त्यांनीं सांगितला, तो त्यांच्या मनचा नव्हे. इंग्लंडांत जॉन वॉलिस नांवाचा एक मोठा गणिती होऊन गेला. त्यानें १६५३ सालीं इंग्रजीचें व्याकरण लॅटिन भाषेंत लिहून प्रसिद्ध केलें, व त्यांत हा नियम मांडला : प्रथमपुरुषीं ‘शॅल’ म्हणजे नुसतें भाकीत आणि ‘विल’ म्हणजे वचन किंवा धमकी, द्वितीय व तृतीय पुरुषीं याच्या नेमकें उलट. पुढें शाळेच्या पुस्तकांतून हा नियम पिढ्यान् पिढ्या घोकला गेला. त्यावर एक जुना विनोदहि आहे. नदींत पडलेला एक परका गृहस्थ ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी’ असें ओरडला. कांठावरच्या व्याकरणनिष्ठ मंडळींनीं त्याचा अर्थ ‘मी बुडणारच, कोणी वांचवितां कामा नये’ असा घेतला, आणि ती आपल्या वाटेनें निघून गेली.

विनोद राहूं द्या. परंतु हा नियम इंग्रजांनीं स्वतः बोलतांना कधींच पुरता पाळला नाहीं, आणि आज तर तिन्ही पुरुषीं ‘विल’च चालतें, ‘शॅल’ उरलें आहे तें मुख्यतः विचारपुशींत आणि कायद्याच्या भाषेंत. कायद्याचें कलम ‘शॅल’ म्हणतें, तेव्हां सामान्यतः तें आज्ञा करीत असतें. तात्पर्य, अण्णांनीं ज्या व्याकरणानें तें वाक्य लिहिलें, तें व्याकरण चिरंजीव शाळेंत जाईपर्यंत फळ्यावरून पुसलें गेलें होतें. बापानें वचन लिहिलें आणि मुलानें भविष्यकाळ वाचला. दोघेहि आपापल्या पुस्तकाप्रमाणें बरोबर होते, आणि मधल्यामध्यें उत्तरेच्या दोन खोल्या लोंबकळत राहिल्या.

हें आम्हीं दुपारीं माडीवर सांगत होतों, तेव्हां काकू उंबऱ्याशीं गव्हांची परडी घेऊन बसल्या होत्या. त्या मान वर न करतां म्हणाल्या, “मला इंग्रजी येत नाहीं. पण मराठींत देणं चार तऱ्हांनीं बोलतां येतं. ‘देईन’, ‘देणार आहें’, ‘देतों’ आणि ‘दिलं’. अण्णा, त्या पत्रांत यांपैकीं कोणतं आहे, तेवढं मला सांगा.”

आमची सारी व्युत्पत्ति या एका प्रश्नापुढें फिकी पडली. ‘देईन’मध्यें मन आहे, ‘देणार आहें’मध्यें ठराव आहे, ‘देतों’मध्यें हात पुढें झालेला आहे, आणि ‘दिलें’मध्यें वस्तु दुसऱ्याच्या हातीं गेलेली आहे. अण्णा पुष्कळ वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “मनांत ‘दिलं’ होतं. कागदावर ‘देईन’च राहिलं.”

आतां कायदा काय म्हणतो तेंहि थोडक्यांत पाहूं. कारण आपल्या घरांतून याविषयीं समजुती फार आणि माहिती थोडी असते. मिताक्षरेच्या परंपरेंत एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित इस्टेटींतला अविभक्त हिस्सा कोणास मृत्युपत्रानें देतां येत नसे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या ३० व्या कलमानें ती मोकळीक दिली. स्वकष्टार्जित मालमत्तेची गोष्ट वेगळी. तिची व्यवस्था त्यापूर्वींहि करतां येई. १८७० चा हिंदु विल्स ॲक्ट मुंबई इलाख्यापुरता केवळ मुंबई शहरास लागू होता. नगर जिल्ह्यासारख्या मुलखांत हिंदु गृहस्थानें तोंडीं केलेली व्यवस्थाहि मानली जाई. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानें हें बदललें. १ जानेवारी १९२७ पासून पुढें केलेलें हिंदूचें विल कोठेंहि असलें तरी लेखी पाहिजे; त्यावर करणाऱ्याची सही किंवा निशाणी पाहिजे; आणि निदान दोन साक्षीदारांनीं ती सही होतांना पाहून, किंवा ‘ही माझी सही’ असें त्याच्या तोंडून ऐकून, त्याच्यासमक्ष स्वतःच्या सह्या केलेल्या पाहिजेत. नोंदणी ऐच्छिक आहे; केल्यास बरें, न केल्यास विल रद्द होत नाहीं. करणारा जिवंत व शुद्धीवर आहे तोंवर तें त्यास केव्हांहि बदलतां येतें किंवा मोडतां येतें.

या कायद्यांत विलची जी व्याख्या केली आहे, ती शब्दाच्या कुळाशीं किती जुळते पाहा. मालमत्तेविषयींचा जो आपला हेतु मृत्यूनंतर अमलांत यावा अशी माणसाची इच्छा आहे, त्या हेतूची कायदेशीर घोषणा म्हणजे विल. इच्छा हा शब्द व्याख्येंतच बसला आहे. इंग्रजींत या कागदास ‘विल अँड टेस्टामेंट’ असें जोडनांव आहे. ‘टेस्टामेंट’ हा लॅटिन शब्द साक्षीवरून आला. एका शब्दांत इच्छा, दुसऱ्यांत साक्ष; इच्छा असून साक्ष नसेल, तर कागद मुका राहतो. अण्णांच्या पत्रांत इच्छा होती. साक्ष नव्हती, आणि मृत्यूनंतरच्या व्यवस्थेचा उल्लेखहि नव्हता. म्हणून तें वचन असेल, प्रेमपत्र असेल, पण विल नव्हे. व्याकरणानें तें कितीहि शुद्ध असलें तरी नव्हे.

याच कायद्याचें ७४ वें कलम आम्हांस फार आवडतें. विलमध्यें पारिभाषिक शब्द वापरण्याची जरूर नाहीं. करणाऱ्याचा हेतु शब्दांवरून कळला म्हणजे पुरे, असा त्याचा आशय आहे. अर्थात् इंग्रजी तर मुळींच नको. ज्या भाषेंत माणूस आपल्या माणसांवर रागावतो आणि माया करतो, त्या भाषेंत त्यानें आपली इच्छा लिहावी, हेंच स्वाभाविक होय.

परंतु मराठींत लिहितांनाहि व्याकरण सुटत नाहीं. आपल्याकडे मृत्युपत्रांतून ‘मिळावें’, ‘द्यावें’, ‘सांभाळावें’ अशी भाषा सर्रास येते. हा विध्यर्थ. दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें, मोरो केशव दामल्यांचें शास्त्रीय व्याकरण १९११ सालीं निघालें. तेव्हांपासून आजवर या रूपाचा विचार चालूच आहे, कारण याच्या एका ‘वा’कारांत कर्तव्य, आज्ञा, विनंति, इच्छा, शक्यता असें पुष्कळ कांहीं मावतें. ‘रोज व्यायाम करावा’ हा उपदेश, ‘आपण बसावें’ ही विनंति, ‘त्याचें भलें व्हावें’ ही प्रार्थना. सोनईच्याच तालुक्यांत, नेवाशास, प्रवरेच्या कांठीं शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगून झाली. तिच्या शेवटचें पसायदान ज्यांना मुखोद्गत आहे, त्यांनीं त्यांतील क्रियापदांकडे एकदां लक्ष द्यावें. साऱ्या विश्वासाठीं मागितलेलें तें दान याच विध्यर्थी वळणानें मागितलेलें आहे. देवापाशीं तें रूप अत्यंत शोभतें, कारण देणारा समर्थ आहे आणि मागणारा नम्र. परंतु वारसांपुढें तें पुरत नाहीं. ‘काकूंना दोन खोल्या मिळाव्या’ ही आज्ञा कीं नुसती अपेक्षा, असा प्रश्न काढणारा कोणी तरी निघतो. आणि ‘व्हावें अशी इच्छा आहे’ एवढ्याच शब्दांवरून कोर्टांत खल होऊं शकतो. तेथें सरळ निश्चयार्थी वाक्य लिहावें : अमुक वस्तु मी अमक्यास देऊन ठेवीत आहें, माझ्या मृत्यूनंतर ती त्याच्या मालकीची होईल. नम्रता पत्रांत ठेवावी, निश्चय कागदांत. आणि लिहिलेलें एखाद्या जाणत्या वकिलाच्या नजरेखालून घालावें.

नांवाविषयींहि दोन शब्द. ‘मृत्युपत्र’ या नांवानेंच पुष्कळ वडीलधारी मंडळी कागद पुढें ढकलतात. जणूं तें लिहिलें कीं पत्राचा पहिला अर्धा भाग लागलीच येऊन उभा राहणार! अलीकडे ‘इच्छापत्र’ हा शब्द रूढ होत आहे, त्याचें आम्ही मनापासून स्वागत करतों. तो केवळ सौम्य आहे म्हणून नव्हे, तर खरा आहे म्हणून. मूळ शब्दांत मृत्यु कोठेंहि नाहीं, इच्छाच आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशीं अण्णांनीं ओसरीवर सर्वांना बोलाविलें. शेजारचे डॉक्टर आणि अण्णांचे एक जुने सहकारी साक्षीदार म्हणून आले होते. अण्णांनीं प्रथम काकूंना विचारलें, “बक्षीसपत्र करून आजच देऊन टाकूं कां? तें नोंदवावं लागेल. पण मग ‘देतों’ होईल, वाट पाहणं नको.” काकू म्हणाल्या, “तुम्ही आहांत तोंवर घर एकच असूं द्या. मागून काय तें स्पष्ट असलं म्हणजे झालं.” मग अण्णांनीं स्वतःच्या हातानें लिहिलेला दोन पानांचा मराठी कागद वाचून दाखविला. त्यांत एकहि ‘मिळावें’ नव्हतें. उत्तरेच्या खोल्यांचें वाक्य आलें, तेव्हां पाटल्यांचा उल्लेखहि अण्णांनीं त्यांत केला होता. कायद्याला त्याची गरज नव्हती. थोरल्या चिरंजीवांनीं चष्मा पुसला आणि म्हणाले, “अण्णा, हें पस्तीस वर्षांपूर्वीं मराठींत लिहिलं असतंत, तर मला व्याकरण काढावं लागलं नसतं.” त्यानंतर सह्या झाल्या.

रात्रीं काकू आम्हांस एवढेंच म्हणाल्या, “इतकीं वर्षें मी त्यांना कधीं ‘आमच्या खोल्या’ म्हटलं नाहीं. ‘उत्तरेच्या खोल्या’ म्हणत आलें.” कायद्यानें पाहतां त्या खोल्या अजूनहि अण्णांच्याच आहेत, आणि आमची इच्छा अशी, कीं पुष्कळ वर्षें तशाच असाव्या. परंतु सकाळीं गाडी येण्यापूर्वीं चहा झाला, आणि काकूंनीं नातवास हांक मारून सांगितलें, “अरे, आमच्या खोलींतून सुपारीचा डबा आण बघूं.” काळाची चूक होती. कोणीं ती सुधारली नाहीं, अण्णांनींहि नाहीं.